ऑपरेशन तीन तासांचं, हात खाली ठेवायचे सहा आठवडे

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पाण्याच्या माठामागे एक कोपरा आहे. बायकांना काही खासगी विचारायचं असलं की त्या तिथे येऊन उभ्या राहतात. गेल्या दोन वर्षांत त्या कोपऱ्यात मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "मॅडम, तुम्ही ते छातीचं ऑपरेशन केलं ना, ते नेमकं काय असतं?" विचारणारी आधी दाराकडे बघते, मग माझ्या छातीकडे, आणि मग चटकन माठाकडे. ते म्हणजे फार मोठे, जड झालेले स्तन लहान करण्याचं ऑपरेशन. पाच मिनिटांच्या सुट्टीत उरकेल असं हे प्रकरण नाही, म्हणून लिहायला बसले. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते माझ्या अंगावर घडलेलं, माझ्या सर्जन मॅडमनी कागदावर आकृत्या काढून समजावलेलं आणि मग मी वाचून ताडून पाहिलेलं. तुमच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत जाऊन बघा. घड भरायला लागला की झाड घडाच्या बाजूला कलतं. म्हणून शेतकरी बांबूचा टेकू देतो, नाहीतर पट्टीने बांधून घेतो. बाईच्या पुढच्या बाजूला जास्तीचं वजन आलं की तिच्या मानेचे, खांद्याचे आणि वरच्या पाठीचे स्नायू हेच तिचे टेकू होतात. बांबू थकत नाही, स्नायू थकतात. ते दिवसभर मागे ओढत राहतात, तरी खांदे हळूहळू पुढे येतातच. मान खाली जाते, पाठीला बाक येतो. ब्राच्या पट्ट्या खांद्यात रुतून तिथे कायमच्या खाचा पडतात. काहींच्या नसांवर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात. माझ्या डाव्या करंगळीला फळ्यावर लिहिताना मुंग्या यायच्या आणि मी तो दोष खडूला देत होते.

याखेरीज आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. स्तन आणि पोट जिथे एकमेकांना टेकतात त्या घडीत घाम साचतो, वारा लागत नाही, कातडी ओली राहते, मग बुरशीचे चट्टे उठतात, कधी चिघळतात. मी सुती रुमालाची चौपदरी घडी करून ब्लाऊजच्या आत, खालच्या बाजूला सरकवायचे. उन्हाळ्यात दिवसाला तीन रुमाल. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन ओला रुमाल काढायचा, कोरडा ठेवायचा. ओला पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. अकरा वर्षं हे केलं आणि एकदाही याला आजार म्हणावं असं मनात आलं नाही.

"व्यायाम कर, वजन उतरव, म्हणजे तेही उतरेल," हे ऐकलं नाही अशी यातली बाई नसेल. यात थोडं खरं आहे. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, चरबी असते आणि या सगळ्याला आतून धरून ठेवणारे तंतूंचे बंध असतात. चरबीचा भाग जास्त असेल तर वजन उतरल्यावर आकार थोडा कमी होतो. ग्रंथींचा भाग जास्त असेल तर दहा किलो उतरवूनही चेहरा सुकतो, छाती तशीच राहते. स्तनात स्नायू नसतोच, स्नायू त्याच्या मागे असतो. त्यामुळे कितीही दंड काढले तरी पुढचा भाग आवळून येत नाही. आणि एकदा ताणून लांबलेले बंध कुठल्याही तेलाने किंवा मलमाने पूर्ववत होत नाहीत. तालुक्याच्या बाजारात यासाठी तेल विकणारे आहेत. त्यांना माझा नमस्कार.

आकार एवढा का वाढतो, याचं एकच उत्तर नाही. वयात येताना काही मुलींच्या स्तनांचा हॉर्मोन्सना मिळणारा प्रतिसाद जास्त असतो. काहींच्या घराण्यातच ते असतं. काहींचं बाळंतपणात किंवा पाळी जाण्याच्या सुमारास वाढतं. माझ्या आईचं आणि मावशीचंही असंच होतं. त्या दोघी आयुष्यभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन वाकून चालल्या आणि लोक म्हणायचे, किती मर्यादशील बायका!

ऑपरेशनचा विषय मी घरात काढला तेव्हा सासूबाई, ज्या धुळ्याकडच्या आणि रागावल्या की अहिराणीवर येणाऱ्या, म्हणाल्या, "माय वं! देवनी दिधेल शे, ते कापानं कसाले?" त्यांच्या बोलण्यात राग कमी, भीती जास्त होती. स्तन कापणं म्हणजे कॅन्सर, एवढंच त्यांनी पाहिलेलं. कॅन्सरमध्ये स्तन काढून टाकतात, इथे त्यातला जादा भाग काढून उरलेला नीट बसवतात, हा फरक त्यांना सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या हळूच म्हणाल्या, "मग माझ्या वेळेला हे का नव्हतं?" खरं तर होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता ऑपरेशन. ज्यांनी ब्लाऊज शिवला किंवा निदान शिवून घेतलाय त्यांना हे डॉक्टरांच्या भाषेपेक्षा लवकर कळेल. सपाट कापडाला छातीची गोलाई यावी म्हणून शिंपी टक्स घेतो. म्हणजे कापडाची एक पाचर आत दाबतो आणि तिच्या दोन कडा एकमेकींना शिवतो. पाचर जेवढी रुंद, तेवढं कापड आत जातं आणि गोलाई येते. सर्जन हेच करतो, फक्त तो पाचर आत दाबत नाही, काढून टाकतो. कातडीसकट आतली ग्रंथी आणि चरबी निघते, उरलेल्या कडा जवळ येतात आणि स्तन लहान होऊन वर बसतो. हे शिंप्याचं उदाहरण मी ओढूनताणून आणलेलं नाही. १९५६ मध्ये रॉबर्ट वाइज नावाच्या सर्जनने या ऑपरेशनची आखणी मांडली ती ब्रेसियरच्या कापणीवरून, आणि ती पद्धत आजही त्याच्या नावाने चालते.

या पद्धतीत टाके तीन ठिकाणी येतात. एक स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने, एक तिथून सरळ खाली आणि एक स्तनाखालच्या घडीत आडवा. तिन्ही मिळून जहाजाच्या नांगरासारखा आकार होतो. काढायचा भाग कमी असेल तर आडवी रेघ टाळता येते, मग वर्तुळ आणि उभी रेघ एवढंच उरतं. फक्त चरबीच जास्त असलेल्या आणि कातडी चांगली ताठ असलेल्या थोड्या बायकांमध्ये नळीने चरबी ओढून घेऊनही काम भागतं. माझं प्रकरण नांगराचंच होतं.

माठामागचा दुसरा प्रश्न, तोही कुजबुजत: "मग पुढचं ते कापून परत चिकटवतात?" नाही. बहुतेक वेळा स्तनाग्र शरीरापासून सुटतच नाही. आतल्या मांसल भागाचा एक पट्टा त्याला जोडलेला ठेवतात. त्याच पट्ट्यातून रक्तवाहिन्या आणि नसा येतात. बाकीचं आजूबाजूचं काढतात आणि या पट्ट्यासकट स्तनाग्र वर, नव्या जागी नेऊन बसवतात. मी याला देठ म्हणते. वांगं देठाला आहे तोवर जिवंत, तसंच. ही युक्ती आपल्या मातीतलीच आहे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन चित्रासह छापून आलं होतं. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याचं नाक तिथल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचा तुकडा देठाला तसाच ठेवून, फिरवून, खाली बसवून तयार केलं होतं. ते वाचून युरोपातले सर्जन चकित झाले आणि ती रीत शिकले. कपाळाचं नाक होऊ शकलं कारण देठ तोडला नव्हता.

स्तन फारच मोठे असतील आणि देठ खूप लांब होऊन रक्त पोचणार नाही अशी शंका असेल तर मात्र स्तनाग्र खरोखर वेगळं काढून कातडीच्या कलमासारखं लावतात. मग तिथली संवेदना आणि दूध पाजण्याची शक्यता गेली असंच धरायचं. आपल्या बाबतीत कुठली पद्धत, हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट विचारा. देठ ठेवूनही अंगावर पाजता येईलच याची हमी नसते. काहींना जमतं, काहींना कमी दूध येतं, काहींना येत नाही. म्हणून लवकरच मूल हवं असेल तर डॉक्टर बहुधा थांबायला सांगतात. बाळंतपणात आकार पुन्हा बदलतो हेही त्यामागचं कारण. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात जाणारी, आईला घेऊन आली होती. तिला मी एवढंच सांगितलं की वाढ थांबून वर्षभर आकार स्थिर आहे का ते आधी बघ, मग सर्जनकडे जा. तिचा त्रास खोटा होता असं नाही. तो खराच होता.

सर्जन निवडताना पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलंय एवढं पुरेसं नाही. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा त्या तोडीची डीएनबी पदवी आहे का ते बघायचं. धुळे-नंदुरबारकडच्या बायका यासाठी बऱ्याचदा सुरत किंवा नाशिक गाठतात, जळगावकडच्या छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई. मी नाशिकला गेले, कारण तिथे मावसबहीण राहते. हे कारण वैद्यकीय नाही, पण पुढचं वाचल्यावर ते किती महत्त्वाचं होतं ते कळेल.

आधीच्या तपासण्या नेहमीच्याच: रक्त, साखर, ईसीजी, भूलतज्ज्ञांची भेट. चाळिशीच्या पुढे असाल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रेही. मी ४१ वर्षांची होते. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं आणि ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं. मला तेव्हा राग आला होता, पण कमी रक्तावर एवढी मोठी जखम भरायला काढणं शहाणपणाचं नव्हतंच. अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि पाळीच्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर सांगून टाकायच्या, स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि मिश्री. यावर थोडं थांबते, कारण आपल्याकडे हा भाग हमखास निसटतो. फॉर्मवर प्रश्न असतो, 'धूम्रपान करता का?' बाई 'नाही' लिहिते आणि खोटं लिहीत नसते. पण सकाळी दातांना भाजलेल्या तंबाखूची पूड चोळते, दुपारी पुन्हा एकदा. ती तिच्या लेखी दंतमंजन असते. निकोटीन धुरातून जावो की हिरडीतून, बारीक रक्तवाहिन्या आखडायचं काम तेच करतं. आणि या ऑपरेशनात स्तनाग्राचा जीव अशाच बारीक वाहिन्यांवर टांगलेला असतो. तंबाखू घेणाऱ्यांत जखम न भरणं, कडा काळ्या पडणं आणि क्वचित स्तनाग्राचा भाग मरणं याचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही जखमा भरेपर्यंत मिश्री, गुटखा, तंबाखू, विडी सगळं बंद. माझी वॉर्डातली शेजारीण सटाण्याकडची होती. भूलतज्ज्ञांनी आदल्या संध्याकाळी सहज विचारलं, "काकू, दात कशाने घासता?" आणि तिची तारीख रद्द झाली. तो प्रश्न विचारणारा भूलतज्ज्ञ तुम्हाला मिळेलच असं नाही, तेव्हा आपणच सांगावं.

विम्याचं थोडक्यात, पण कामाचं. बहुतेक पॉलिशींत रूप बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले असतात. त्याच कलमात पुढे अपवाद दिलेला असतो: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, अथवा तब्येतीला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी गरजेचा उपचार, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी प्रमाणित केलेली. माझ्या कंपनीने पहिल्या फटक्यात 'सौंदर्यवर्धनासाठी' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. मग मी मानेचे एक्स-रे, हाडांच्या डॉक्टरांच्या चार वर्षांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचारोगतज्ज्ञांची औषधं आणि सर्जनचं पत्र अशी फाइल लावली. अर्धे पैसे मिळाले. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही. तात्पर्य, दुखण्याची प्रत्येक चिठ्ठी आजपासूनच जपून ठेवा, पुढे ऑपरेशन करा वा न करा.

ऑपरेशनच्या सकाळी जे होतं त्याची कल्पना कुणी देत नाही, म्हणून सांगते. तुम्हाला कमरेपर्यंत उघडं करून उभं करतात. सर्जन हातात मार्कर आणि टेप घेऊन समोर स्टुलावर बसतात आणि आखतात. उभंच करावं लागतं, कारण आडवं झाल्यावर स्तन बगलेकडे घसरतात आणि खरा आकार कळत नाही. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजलं. साधारण ते २० सेंटिमीटरच्या आसपास धरतात, माझं ३३ भरलं. मार्कर गार लागतो आणि त्याला स्पिरिटचा वास येतो. फोटोही काढतात, चेहरा न घेता, कागदावर तुमची सही घेऊन. मी लाजेने छताकडे बघत होते. मॅडम आखता आखता म्हणाल्या, "ताई, कटोरी ब्लाऊज घालता की चार टक्सचा?" मी म्हटलं, "चार टक्सचा." त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला कळेल मी काय करतेय ते." माझी लाज तिथेच निम्मी गेली.

पूर्ण भूल देतात. माझं ऑपरेशन तीन तास चाललं. दोन ते चार तासांत बहुतेकांचं होतं. काढलेला भाग दोन्ही बाजूंचा वेगवेगळा तोलतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात, क्वचित त्यात लपलेला आजार सापडतो म्हणून. माझा डावीकडून ७६० ग्रॅम आणि उजवीकडून ८४० ग्रॅम निघाला. म्हणजे सोळाशे ग्रॅम. भरताची दोन चांगली मोठी वांगी मी पंचवीस वर्षं गळ्यात बांधून फिरत होते.

शुद्धीवर आल्यावर दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना बगलेखालून एकेक नळी बाहेर आलेली असते, तिच्या टोकाला डबी, डबीत लालसर पाणी. सगळेच सर्जन नळ्या ठेवत नाहीत. ठेवल्या तर रोज किती मिलिलीटर आलं ते लिहून घेतात आणि प्रमाण उतरलं की एक-दोन दिवसांत काढतात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालवतात. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून पलंगावरही पावलं वर-खाली हलवत राहायची. मला दोन रात्री ठेवलं.

पहिले दोन दिवस जागरूक राहायचं ते एका गोष्टीसाठी: एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखणं वाढत गेलं तर आत रक्त साचत असू शकतं, आणि मग लगेच परत टेबलावर घ्यावं लागतं. स्तनाग्र निळं-काळं किंवा राखाडी पडलं तरी तितकीच घाई. नंतरच्या दिवसांत १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, पू, पसरत जाणारी लाली, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच मावसबहीण महत्त्वाची होती. मी आठ दिवस नाशिकला तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी टाके घेऊन पाच-सहा तासांचा रस्ता कापत गावी यायचं आणि रात्री एक बाजू फुगली तर काय करायचं? गाडीने परत आले तेव्हा सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये छोटी उशी धरली होती. एसटीचा तर विचारही करू नये.

आता ज्याला मी खरं ऑपरेशन म्हणते तो भाग. डिस्चार्जच्या दिवशी मॅडमनी कागद माझ्या हातात दिला नाही, माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाल्या, "सर, सहा आठवडे ताई दोन-तीन किलोच्या वर काही उचलणार नाहीत, कोपर खांद्याच्या वर नेणार नाहीत. याची जबाबदारी तुमची, त्यांची नाही. त्या ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे."

आता जरा आपल्या घरात हात कशाकशाला वर जातात ते मोजा. फळीवरचा डबा. दोरीवरचे कपडे. देवघरातल्या समईची वात. केस विंचरणं, वेणी घालणं. आणि अंघोळ! आपण शॉवरखाली उभे राहत नाही, बादलीतून तांब्या भरून डोक्यावर ओततो. तांब्याच्या त्या एका हालचालीत कोपर कानापर्यंत जातं. जखम ओली करायची परवानगी मिळाल्यावरही तीन आठवडे माझं डोकं जाऊबाईंनी धुतलं, मी स्टुलावर मान मागे टाकून बसलेली. त्या आणि मी सहा वर्षं कामापुरतंच बोलत होतो. केसांतून पाणी निथळत असताना भांडण चालू ठेवणं अवघड असतं.

मग वजन. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. त्या पहाटे घरातली प्रत्येक बाई हंडे आणि ड्रमच्या मागे असते. भरलेली कळशीच दहा किलोच्या पुढे जाते. बट्टीचं घट्ट पीठ मळताना खांद्यापासून जोर लावावा लागतो आणि छातीचा मोठा स्नायू आकसतो. या ऑपरेशनात तो स्नायू कापत नाहीत, पण टाके त्याच्यावरच बसलेले असतात, तो हलला की ते ओढले जातात. भाकरी थापणं, पाट्यावर वाटणं, उडदाच्या पापडाचं पीठ कुटणं, सगळं त्याच यादीत. शेतात कामाला जाणारीने कापूस वेचणीला, ओटी बांधून वाकून, डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय जाऊ नये. तिच्यासाठी सहा आठवडे म्हणजे सहा आठवड्यांची मजुरी, हे मला कळतं. म्हणूनच तारीख ठरवताना हंगाम बघा. मी दिवाळीनंतरची तारीख घेतली होती, थंडीत पट्टीखाली घाम कमी येतो हाही हिशेब होता. टेबलावर बसून काम करणाऱ्या बऱ्याच जणी दोन-तीन आठवड्यांत कामावर जातात. मी चौथ्या आठवड्यात शाळेत गेले, पण फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहीत नव्हते. पोरांना वाटलं, मॅडमचं अक्षर बसकं झालं. स्कूटी पाचव्या आठवड्यानंतर, जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही याची खात्री झाल्यावर.

नवऱ्याने घरी आल्यावर एक काम न सांगता केलं. वरच्या फळीवरचे सगळे डबे उतरवून ओट्यावर ओळीने मांडले. आमचा ओटा दीड महिना किराणा दुकान वाटत होता.

कपड्यांचं म्हणाल तर पुढून उघडणारी, तारा नसलेली आधाराची ब्रा रात्रंदिवस, साधारण सहा आठवडे. डोक्यावरून घालायचं काही नको. पुढून बटणांचे दोन सुती गाऊन पुरतात. झोपायचं पाठीवर, डोकं-खांदे उशांनी थोडे उंच. कुशीवर झोपणारीला हे सगळ्यांत जड जातं. मला तरी गेलं.

खाण्यावरून आमच्या घरात वाद झाला. "डाळीने पू होतो, वांग्याने जखम चिघळते," असं सगळ्या मावश्यांचं एकमत. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळीतच असतात. अंडी चालत असतील तर अंडी, नसतील तर मोड आलेली मटकी, दूध, आणि आपले वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके कढीसोबत. मी फुणके महिनाभर खाल्ले. जोरदार वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा भरपूर पाणी आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल.

चौथ्या-पाचव्या दिवशी रडू येतं. भुलीचा आणि दुखण्याचा थकवा असतो. त्यातून आरशात जे दिसतं ते सुजलेलं, चौकोनी, जांभळं-पिवळं आणि फार वर बसलेलं असतं. मला वाटलं, हे काय करून घेतलं आपण! ही सूज उतरायला आठवडे लागतात. स्तन हळूहळू खाली येऊन गोल व्हायला तीन ते सहा महिने. तोवर नव्या मापाची ब्रा घ्यायला धावू नये.

बाराव्या दिवशी नांगराच्या उभ्या-आडव्या रेघा जिथे मिळतात तिथे हरभऱ्याएवढी जखम उघडली. गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं तर तिथे सांगितलं, "टाके उसवले, परत शिवावं लागेल." मी रात्रभर झोपले नाही. सकाळी मॅडमना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, या जागी कातडीवर ताण सर्वांत जास्त असतो, इथे थोडं उघडणं नेहमीचं आहे, ड्रेसिंग करत राहा, आतून भरत येईल. तीन आठवड्यांत भरलं. घराजवळ ड्रेसिंग कोण करणार आणि शंका आली तर फोन कोणाला करायचा, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा.

व्रण जातात का, हा माठामागचा तिसरा प्रश्न. जात नाहीत, फिकट होतात. पहिले दोन-तीन महिने ते जास्तच लाल आणि उंच दिसतात, मग वर्ष-दीड वर्षात बसतात. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावतात. आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याची शक्यता जास्त असते. कान किंवा नाक टोचल्यावर कधी गाठ धरली असेल तर ते सर्जनला आधीच सांगायचं.

खांद्यांचं ओझं मात्र शुद्धीवर आल्या दिवसापासूनच गेलं. हे सांगितलं की बायकांना खरं वाटत नाही. पाठीचा बाक तसा लगेच गेला नाही, पंचवीस वर्षांची सवय होती ती. दोन महिन्यांनी फिजिओथेरपी सुरू केली, तेव्हा खांदे मागे नेऊन चालायला नव्याने शिकावं लागलं. करंगळीच्या मुंग्या गेल्या. त्या उन्हाळ्यात मे संपला आणि माझ्या लक्षात आलं की रुमालांची चळत कपाटात तशीच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तर तोवर पाच महिने उलटले होते, झोक्यावर बसायला कुणाची हरकत नव्हती. हात वर करून दोर धरला तेव्हा जरा ओढल्यासारखं झालं, एवढंच. वजन बरंच वाढलं किंवा पाळी जाताना हॉर्मोन्स बदलले तर आकार पुन्हा थोडा वाढू शकतो, हे मॅडमनी सांगून ठेवलं आहे. पुढे कधी मॅमोग्राफी केली तर या ऑपरेशनबद्दल आधी सांगायचं, कारण आतले व्रण आणि चरबीच्या गाठी फोटोत संशयास्पद दिसू शकतात. हाताला नवी गाठ लागली तर "ऑपरेशनचीच असेल" असं धरून गप्प बसायचं नाही.

सगळंच जमून आलं असंही नाही. डाव्या स्तनाग्राला अजून कमी कळतं. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत ते वर्षभरात परतते, काहींची पुरती परतत नाही, मी त्या काहींपैकी. उजव्या बगलेखाली आडव्या रेघेचं टोक जिथे संपतं तिथे कातडीची एक बारीक घडी उरली आहे, ब्लाऊजच्या बाहीला घासते. ती जागेवरची भूल देऊन अर्ध्या तासात काढता येते असं मॅडम म्हणाल्या. मी दहावीचे पेपर तपासून झाल्यावर येते म्हटलं होतं. दोन वर्षांचे पेपर तपासून झाले, अजून गेलेली नाही.